सात हातांची वाट आणि मोहम्मद अली रोड

रमजान सुरू झाला की मोहम्मद अली रोडवर लेख येऊ लागतात. मालपुवा, फिरनी, नळी-निहारी, मिनारा मशिदीची रोषणाई, रात्री दोन वाजताची गर्दी. हे लेख मीही आवडीने वाचतो. पण ती ताटे ज्या रस्त्यावर मांडलेली असतात, त्या रस्त्याबद्दल कुणी लिहिलेले सहसा दिसत नाही. हा रस्ता कुणी आखला? त्याच्या डोक्यावर पूल कुठून आला? आणि इथे पायी चालणाऱ्या माणसाला नेमकी किती जागा द्यायची, हे कुणी कधी ठरवले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. अगदी मीटरमध्ये ठरवलेले आहे. तिथवर जाण्याआधी मात्र बरेच मागे जावे लागेल, कारण रस्त्याची रुंदी हा आकडा हवेतून येत नाही. रस्ता आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होते, ते त्या आकड्यात लपलेले असते.

उर्दूत सार्वजनिक रस्त्याला 'शारा-ए-आम' म्हणतात. हा शब्द शिकवताना मी फळ्यावर शीन, रे आणि ऐन ही तीन अक्षरे लिहितो. शारा म्हणजे रस्ता आणि शरियत हे दोन्ही शब्द या एकाच धातूतून आले आहेत. शरियतचा मूळ अर्थ पाण्याकडे जाणारी वाट. मुलांना याची गंमत वाटते. मोठ्या माणसांना बहुधा कुणी हे सांगितलेलेच नसते.

हदीसमध्ये रस्त्याच्या रुंदीचा थेट उल्लेख आहे. रस्त्याच्या जागेवरून लोकांत वाद झाला तर वाट सात हात ठेवावी, असा निवाडा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे माप. आपल्याकडे आजीच्या पिढीपर्यंत कापड आणि दोरी याच मापाने मोजत. सात हात म्हणजे साधारण सव्वातीन ते साडेतीन मीटर. सातच का, याचा अर्थ असा सांगितला जातो की ओझे लादलेले दोन उंट समोरासमोर आले तरी एकमेकांना न घासता जाऊ शकतील एवढी ती जागा आहे. यात एक बारकावा आहे. लोकांनी आपसांत समजुतीने वेगळी रुंदी ठरवली तर प्रश्न नव्हता. सात हात हा भांडण झाल्यावरचा आकडा होता, आणि भांडण मिटवायला लागतो तोच खरा मानदंड.

पुढे इ.स. ६३८च्या सुमारास इराकमध्ये कूफा शहर वसवले गेले. आधी तिथे बोरूच्या झोपड्या होत्या. आग लागली आणि त्या जळाल्या. मग विटांची घरे बांधायला हजरत उमर (रजि.) यांनी परवानगी दिली, पण घरे फार मोठी आणि उंच करू नयेत अशी अट घालून. त्याबरोबर रस्त्यांची मापेही ठरली. ती तबरीने नोंदवून ठेवली आहेत. मुख्य रस्ते ४० हात, त्याखालचे ३०, मधले २० आणि गल्ल्या ७ हात. म्हणजे चार दर्जाचे रस्ते. आज आपले अभियंते ज्या पुस्तकावरून शहरातले रस्ते आखतात, त्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८३च्या पुस्तिकेतही शहरी रस्त्यांचे दर्जे चारच आहेत. धमनी रस्ता ५० ते ६० मीटर, उपधमनी ३० ते ४०, संकलक २० ते ३० आणि स्थानिक रस्ता १० ते २० मीटर. नावे सरकारी मराठीतली असल्याने जरा घशात अडकतात, पण कल्पना सोपी आहे. लांबची वाहतूक एका रस्त्याने जावी, घरापाशी येणारी दुसऱ्या, आणि दोघींनी एकमेकींच्या पायात येऊ नये.

हे वाचून आपल्यातल्या काहींची छाती लगेच फुगते. 'पाहा, आमच्याकडे सगळे चौदाशे वर्षांपूर्वीच होते!' मला हा सूर आवडत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही रस्त्यांची मापे आहेत. राजमार्ग चार दंड, रथाची वाट पाच अरत्नी, गुरांची चार, आणि शेळ्यामेंढ्यांची व माणसांची मिळून दोन. (माणूस शेळ्यांच्या रांगेत आहे, याची नोंद घ्यावी. ती परंपरा आजवर टिकली आहे.) मापे अनेकांनी लिहून ठेवली. मुस्लिम शहरांतही ओटे पुढे आले, सज्जे वाढले, गल्ल्या चिंचोळ्या झाल्या. म्हणूनच बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब नावाचा अधिकारी नेमावा लागे आणि रस्त्यात घुसलेले बांधकाम काढायला लावणे हे त्याच्या कामांपैकी एक असे. आकडा लिहिणे सोपे होते. सांभाळणे तेव्हाही जड गेले.

आता मुंबईत येऊ.

१८७४ साली, ९ मे रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. पहिल्या दोन मार्गांपैकी एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुनीला येई आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुनीलाच. म्हणजे शहराच्या पहिल्या ट्रामचे दुसरे टोक आपल्या मोहल्ल्यात होते, कारण माणसे तिथे होती. भोवती होत्या त्या शेख मेमन स्ट्रीट, अब्दुल रहमान स्ट्रीट यांसारख्या जुन्या, दाट वाटा. खाली दुकान, वर माळ्यावर माळे, आणि मधल्या घळीतून सांडपाणी.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. त्यानंतरचे सगळे आपल्याला पुण्याच्या इतिहासातून माहीत असते. रँड, चाफेकर, घरझडत्या. मुंबईतही झडत्या होत्या. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोडच्या बाजूला जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली. शालेय पुस्तकात ही दंगल नाही. दवाखान्यात नेलेले माणूस परत येत नाही, ही तेव्हाची भीती होती आणि ती अगदीच खोटीही नव्हती.

त्याच वर्षी सरकारने कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. जुन्या पिढीच्या तोंडी असलेल्या 'बीआयटी चाळी' त्या याच ट्रस्टच्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकरांनी अनेक वर्षे काढली. ट्रस्टची पहिली योजना नागपाड्यातली. त्या काळच्या डॉक्टरांची आणि इंजिनिअरांची समजूत अशी की कोंडलेली हवा आणि अंधार हे रोगाचे घर आहे. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो हे अजून सर्वमान्य व्हायचे होते. म्हणून उपाय ठरला तो रस्त्यांचा. दाट वस्तीतून रुंद रस्ता कापायचा म्हणजे समुद्राचा वारा आत शिरेल. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे पूर्व-पश्चिम रस्ते तसेच निघाले. पश्चिमेचा वारा सरळ वस्तीत यावा म्हणून. क्रॉफर्ड मार्केटपासून उत्तरेला भेंडीबाजारकडे जाणारा रस्ता निघाला, त्याला गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅमचे नाव मिळाले. तोच आपला मोहम्मद अली रोड. नाव पुढे बदलले. ज्या मौलाना मोहम्मद अली जौहर यांचे नाव आले, ते १९३१ साली लंडनमध्ये वारले आणि जेरुसलेममध्ये दफन झाले.

म्हणजे या रस्त्याचा आकडा उंटावरून आला नाही, गाडीवरूनही आला नाही. तो हवेवरून आला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर उजेडाचे गणितच मांडले. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ते प्रसिद्ध आहे. भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले तर नजरेची रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करू नये. शाळेतल्या त्रिकोणमितीने तपासून पाहा, या कोनाचे टॅन जवळजवळ दोन येते. म्हणजे समोरची इमारत ६० फूट उंच असेल तर मधली मोकळी जागा किमान ३० फूट हवी. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडालाही आकाशाचा एक तुकडा दिसला पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ. परकीय सत्तेच्या एका अधिकाऱ्याने गरिबाच्या खिडकीतला उजेड मोजला याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

पण ट्रस्टने हवा मोजली, माणसे मोजायला तो कमी पडला. पाडलेल्या खोल्या आणि बांधलेल्या खोल्या यांचा मेळ सुरुवातीच्या वर्षांत बसला नाही. ज्यांची घरे रस्त्यात गेली त्यांतले बरेच जण शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या माळ्यावर दाटीने राहू लागले. हमालाला, विणकराला कामाच्या जागेपासून दूर जाणे परवडत नव्हते. रस्त्यावर हवा आली आणि मागच्या गल्लीतली कमी झाली. रस्तारुंदीचे हे जुने दुखणे आहे. नकाशावर पिवळा पट्टा दिसतो, त्याखालचे बिऱ्हाड दिसत नाही. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

याच काळातला एक नियम मात्र चालणाऱ्याच्या बाजूचा होता आणि तो मोहम्मद अली रोडच्या अगदी उंबऱ्यावर आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या दक्षिणेचा हॉर्नबी रोड, म्हणजे आताचा दादाभाई नौरोजी रोड. तिथे १८९६च्या नियमानुसार प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर कमानींची सलग पडवी ठेवणे बंधनकारक झाले. मालक वेगळे, शैली वेगळ्या, पण कमानींची ओळ एकच. जुलैच्या पावसात छत्री न उघडता त्या पडवीतून चालता येते. उन्हात सावली मिळते. सामान विकणाराही खांबाच्या आडोशाने बसतो. एका ओळीचा नियम, पण सव्वाशे वर्षे तो चालणाऱ्याला सांभाळत आला आहे.

मग चित्रात मोटार आली. १९२७ साली सरकारने रस्त्यांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशींवरून १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा अधिभार बसला आणि त्यातून रस्ते निधी उभा राहिला. १९३४च्या डिसेंबरमध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ साली नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि देशभरच्या रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते अशी वर्गवारी झाली. काम मोठे होते आणि गरजेचे होते. पण पैसा पेट्रोलमधून आला, त्यामुळे रस्ता कुणाचा हा प्रश्नही न बोलता सुटल्यासारखा झाला.

त्याचा परिणाम एका तक्त्यात स्पष्ट दिसतो. रस्त्यावर किती वाहतूक आहे हे मोजताना अभियंते सगळी वाहने मोटारीच्या मापात बदलून घेतात. एका मोटारीला एक गुण. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या पुस्तिकेप्रमाणे सायकलला ०.४ ते ०.५, बसला २.२ ते ३.७, टांग्याला १.५ ते २ आणि हातगाडीला २ ते ३. जास्त गुण म्हणजे शाबासकी नव्हे. जितके गुण जास्त तितकी त्या वाहनाने रस्त्याची जागा जास्त अडवली असा हिशेब. बसमध्ये पन्नास माणसे आहेत की पाच, याला तक्त्यात जागा नाही. दिवसभर मस्जिद बंदरपासून माल ओढणारा हातगाडीवाला हा दोन-तीन मोटारींएवढा अडथळा. आणि पायी चालणारा त्या तक्त्यात नाहीच. त्याच्यासाठी पुस्तिका वेगळी, आणि ती फार कमी उघडली जाते.

या मोजणीने मोहम्मद अली रोडकडे पाहिले तर उत्तर एकच निघते. रस्ता तुंबला आहे, वरून पूल न्या. २००२ साली तो पूल झाला. सुमारे २.४ किलोमीटर लांब, क्रॉफर्ड मार्केटच्या अलीकडून जे. जे. रुग्णालयापर्यंत. लोक जे. जे. उड्डाणपूल म्हणतात. अधिकृत नाव 'कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल'. चौदाव्या-पंधराव्या शतकातले माहीमचे हे सूफी विद्वान. त्यांनी कुरआनचे भाष्य लिहिले. माहीमचे काजी होते. लोक त्यांच्या दाराशी चालत येत, आजही उरुसाला येतात. त्यांच्या नावाच्या पुलावर चालायला मनाई आहे. दुचाकीलाही मनाई आहे. पुलाला मधे उतार नाही, थांबा नाही. पायधुनीच्या माणसाला तो वापरताच येत नाही. दक्षिण मुंबईतून भायखळ्याकडे जाणाऱ्याची दहा मिनिटे वाचतात हे खरे आणि ती मीही कधी कधी टॅक्सीतून वाचवतो. पण खाली राहणाऱ्याला काय मिळाले, हा हिशेब वेगळा मांडायला हवा.

खाली खांब आले. पूल मजल्यांच्या खिडक्यांजवळून जातो. ज्या रस्त्यासाठी उजेड आणि वारा हे कारण सांगून घरे पाडली, त्याच रस्त्यावर शंभरेक वर्षांत सिमेंटचे छत आले. ऑरसाहेबांचा नियम इमारतींसाठी होता, पुलांसाठी नव्हता, असे कुणी म्हणेल. कायद्याने ते बरोबर आहे. पण खिडकीत बसलेल्या बाईला समोर इमारत आहे की पूल, याने काय फरक पडतो? आकाशाचा तुकडा गेला तो गेला. आवाज आला तो वेगळाच.

आता ती फार कमी उघडली जाणारी पुस्तिका. इंडियन रोड्स काँग्रेसची पायी चालणाऱ्यांच्या सोयींबद्दलची ही मार्गदर्शिका प्रथम १९८८ साली निघाली आणि २०१२ साली सुधारली गेली. तिच्याप्रमाणे फुटपाथवर चालण्याचा पट्टा किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत पूर्ण मोकळा हवा. बाजारपेठेत २.५ मीटर. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसे आणि बुरख्याचा घोळ सांभाळत कडेवर मूल घेतलेल्या बायका खालूनच चालतात. १.८ मीटर यासाठी की चाकांच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाव्यात. पुन्हा तोच विचार पाहा. सात हातांत ओझ्याचे दोन उंट, १.८ मीटरमध्ये दोन खुर्च्या. सरासरी माणसाने दोन्ही हात पसरले की साधारण हे अंतर भरते. पायधुनीच्या फुटपाथवर हात पसरून दहा पावले चालून पाहा.

मार्गदर्शिका फुटपाथचे तीन पट्टे करते. दुकानालगतचा, चालण्याचा, आणि रस्त्याकडेचा. झाडे, दिवे, बाकडी आणि विक्रेते या शेवटच्या पट्ट्यात. म्हणजे विक्रेत्याला हाकला असे ती म्हणत नाही. २०१४चा पथविक्रेता कायदाही म्हणत नाही. जुन्या फिकहमध्ये घरासमोरच्या पट्ट्याला 'फिना' म्हणत. मालकाला तो वापरता येई, पण येणाऱ्याजाणाऱ्याला त्रास न देता. दोन्हीकडे तोल सारखाच आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद करून असे पट्टे प्रत्यक्ष आखले गेले. बाकडी आली, झाडे राखली, चालायला जागा झाली. तिथे पार्किंगवरून तक्रारी झाल्याच, पण म्हातारी माणसे संध्याकाळी बसलेली दिसतात. जे डेक्कनला जमते ते पायधुनीला का जमू नये?

एक कारण सरकारी आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात 'रस्त्याची नियमित रेषा' ठरवण्याची तरतूद आहे. इमारत नव्याने बांधताना त्या रेषेच्या मागे घ्यावी लागते. म्हणजे रस्ता इमारती पडतील तसा, दातांसारखा एक पुढे एक मागे असा रुंद होतो. आपल्या भागातल्या उपकरप्राप्त इमारती पडेपर्यंत पडत नाहीत. भेंडीबाजारात २००९ पासून बोहरा समाजाच्या ट्रस्टने साडेसोळा एकरांचा एकत्र पुनर्विकास हाती घेतला आहे, तो याच कोंडीवरचा एक उपाय. सव्वाशे वर्षांनी पुन्हा एक ट्रस्ट. या वेळी राहणाऱ्यांना त्याच जागी घर देण्याचे वचन आहे, हा मोठा फरक.

दुसरे कारण आपल्यात आहे. रस्त्यातून त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, हे जुम्याच्या बयानात आपण ऐकतो. बाहेर येऊन दुकानाची फळी फुटपाथवर टाकतो, स्कूटर चढवतो, मंडपाचा बांबू नेमका चालण्याच्या पट्ट्यात रोवतो. महापालिकेची गाडी आली की अन्याय झाला म्हणतो. काही वेळा तो खरोखर अन्याय असतोही. पण अंध माणसाची काठी ज्या फळीला अडते ती कुणाची आहे, हे तो विचारत नाही.

२००६च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने भर वाहनांवर नको, माणसांच्या ये-जा करण्यावर हवा असे मान्य केले आहे. धोरण मान्य झाले, मोजणी तीच राहिली. म्हणून या वर्षी नववीच्या मुलांकडून शाळेजवळच्या चौकाची मोजणी करून घ्यायचे ठरवले आहे. सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी असर ते मगरिब. तक्ता उर्दू आणि मराठी दोन्हीत आहे. पहिला रकाना पायी चालणाऱ्यांचा, त्यात लहान मूल, वृद्ध, ओझे घेतलेले असे तीन भाग. मग हातगाडी, सायकल, बस. मोटारीचा रकाना शेवटी आहे, आणि त्यात गाड्या नव्हे, आतली माणसे मोजायची आहेत. भरलेले तक्ते वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घेणार आहोत.